तांबड्या कोंबाची लसूण

बावड्याच्या आमच्या घरात लसणीच्या वेण्या स्वयंपाकघराच्या वाशाला टांगलेल्या असत, चुलीच्या बरोबर वर. धुरानं त्यांची साल काळपट होई, पण आतली पाकळी फाल्गुनात काढलेली ती दसऱ्यापर्यंत टणक राही. वेणीतला गड्डा मुरगाळून काढताना कुरकुर आवाज होई. मला सकाळी जाग यायची ती त्या आवाजानं. मग खलबत्त्याचे ठोके, मग वास, आणि मग आत्याचं बोलणं, असा क्रम ठरलेला होता. "सुमे, ऊठ. दीस मावळायला आला." तेव्हा सहा वाजलेले असत. आई भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढं मेणबत्ती लावत असे, नाना दाढीचं पाणी मागत असत, आणि आत्या तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवता फिरवता दुसऱ्या हातानं खलबत्त्यातली चटणी उकरत असे. ताटात भाकरी, शिळी डाळ आणि ती चटणी. हिवाळ्यात त्यासोबत हुलग्याचं गरम माडगं. ते पिताना कानाच्या पाळ्या तापत.

घरात आम्ही चौघं. नाना इंदापूरच्या एका कचेरीत कारकून होते. सदऱ्याच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. कचेरीत रद्द झालेली, निम्मी कोरी राहिलेली एक वही त्यांनी मला दिली आणि तिथून माझं याद्यांचं वेड सुरू झालं. कोंबड्यांची यादी, भांड्यांची यादी, शेजारच्या शेळ्यांची त्यांच्या नावांसकट यादी. आजही मी भाजी आणायला तीन याद्या करून जाते आणि माझी मुलगी मला हसते. हसू दे. माझ्या घरात गॅस कधी अचानक संपलेला नाही.

चौथी म्हणजे आत्या. चंद्राआत्या, नानांची थोरली बहीण. मी पाच वर्षांची असताना ती निरवांगीहून आमच्याकडे राहायला आली. का आली, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिचं असणं हे घराला दार असण्याइतकं साधं होतं. घरामागचं परस तिचं होतं. न्हाणीचं पाणी जिथं जाई तिथं अळूचा खड्डा, त्याच्या कडेला शेवगा, कढीपत्ता, आणि पुढं चार वाफे. त्या वाफ्यांत दर वर्षी दसऱ्यानंतर लसूण लागे. एकच लसूण. गड्डा लिंबाएवढा, पाकळ्या बारीक आणि चिकट सालीच्या, सोलताना नखं दुखत. सालीवर जांभळट रेघा असत. मला सोलायचं काम असल्यामुळं त्या लसणीबद्दल माझं मत चांगलं नव्हतं.

मी नववीत गेले त्या वर्षी नेमकी आत्या न्हाणीच्या दगडावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर आलं. तरी ती एका हातानं भांडी विसळायची आणि आईशी त्यावरून भांडायची. दसरा झाला. नाना कामासाठी बारामतीला गेले होते, ते येताना पिशवी भरून जामनगरी लसूण घेऊन आले. पांढरीशुभ्र, आणि पाकळ्या अशा की माझा अंगठा लहान वाटावा.

"अक्का, बघ तरी," नाना म्हणाले. "दोन किलो आणलीय. लावायला. सोलायचा त्रासच नाही."

आत्यानं डाव्या हातानं एक गड्डा उचलला, हुंगला, खाली ठेवला. "दिसायला लई झ्याक हाय. तुमच्या कचेरीतल्या सायबासारखी. काम करती का न्हाय ते खाल्ल्यावर कळंल."

"म्हणजे लावायची नाही?"

"लाव की. परड्यात जागा हाय. मी कुठं न्हाय म्हनली?"

लावणार कोण, हा प्रश्न होता. आईला शेतावरची मजुरी आणि घर यातून उसंत नव्हती. मी हात वर केला. आत्यानं मला नीट पाहून घेतलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं: मोठ्या पाकळ्या लावायच्या, बारक्या खायला ठेवायच्या; टोक वर, बूड खाली; चार बोटं अंतर; लावल्यावर पाणी हळू सोडायचं, पाकळी उघडी पडली न्हाय पायजे. मी ती चारही वाक्यं वहीत लिहून घेतली.

पुढच्या रविवारी आई आत्याला हात दाखवायला बारामतीला घेऊन गेली. नाना एका लग्नाला गेले होते. एसटीनं जाऊन यायला दिवस जाणार होता, आणि मी ठरवलं की त्या परत येईपर्यंत सगळं उरकलेलं असलं पाहिजे. वाशावर दोन वेण्या उरल्या होत्या, एक खायची, एक बियाण्याची. मी दोन्ही खाली काढल्या. काम अर्धवट ठेवणं मला तेव्हाही जमत नव्हतं. नानांची पिशवी आणि दोन वेण्या असे सगळे गड्डे फोडून मी एका मोठ्या सुपात घेतले आणि पाकळ्या निवडायला बसले. मोठ्या उजवीकडं, बारक्या डावीकडं. आत्यानं सांगितलं होतं तसंच, अगदी काटेकोर. उन्हं शेवग्यावर आली तोवर माझे तीन ढीग तयार होते. चारही वाफे लावून, पाणी सोडून, हातपाय धुऊन मी बसले. वेळ उरला म्हणून बारक्या पाकळ्यांतल्या निम्म्या सोलून, शेंगदाणे भाजून, बरणीभर चटणीसुद्धा कुटून ठेवली. संध्याकाळी आत्यानं ती चाखली आणि म्हणाली, "पोरगी घर चालवंल एक दिवस." त्या रात्री मी फार खुशीत झोपले.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं. जामनगरीच्या शेजारी आमच्या घरच्या लसणीची सगळ्यात मोठी पाकळीसुद्धा बारकीच होती. प्रत्येक जात वेगळी निवडायची, हे आत्यानं सांगितलं नव्हतं, कारण आयुष्यात कधी कुणाला ते सांगावं लागलं नव्हतं.

आठ दिवसांत कोंब वर आले, सरळ रांगेत, माझ्या वहीतल्या ओळींसारखे. मी रोज मोजायची. आणखी दहा-बारा दिवस गेले आणि एका सकाळी आत्या प्लास्टरचा हात पोटाशी धरून वाफ्याच्या कडेला उकिडवी बसली. तिनं एका कोंबाच्या बुडाची माती बोटानं बाजूला सारली. मग दुसऱ्या वाफ्यात. मग तिसऱ्या, चौथ्या. मी दात घासत उभी होते.

"सुमे, आपला वाफा कुठला गं?"

"सगळेच आपले."

"तसं न्हाय. आपल्या लसणीचा. तिच्या कोंबाचं बूड तांबडं असतंय. हितं तर समदं पांढरंच दिसतंय."

मी सांगितलं. मोठ्या लावल्या, बारक्या पाटीत. सांगता सांगता माझा आवाज आपोआप खाली गेला. पाटीतल्या बारक्या संपून आठवडा झाला होता. स्वयंपाकात आता बाजारातून पुन्हा आणलेली जामनगरीच होती. उरली होती ती फक्त बरणीच्या तळाची चटणी.

आत्या ओरडली असती तर बरं झालं असतं. ती "असू दे" म्हणाली, माती पुन्हा कोंबाला लावली आणि उठून आत गेली. त्या दिवशी जेवताना आईनं चटणीची बरणी पुढं केली तर तिनं ती झाकण न उघडता बाजूला सरकवली. भाकरी ताकात कुस्करून खाल्ली.

दुपारी आई मला शेवग्याखाली घेऊन बसली. तिथं मला पहिल्यांदा सगळं कळलं. आत्याला मूल झालं नाही म्हणून निरवांगीच्या घरी दुसरी बायको आणली. "हिची सासू आडवी पडली हुती उंबऱ्यात," आई म्हणाली. "म्हनली, माझ्या अंगावरनं आना. आनली त्यांनी. तात्याला, तुझ्या आजोबाला, निरोप गेला, ते जाऊन हिला घिऊन आले. निघताना म्हातारीनं चुलीवरची लसणीची वेणी उतरवली आन् हिच्या पिशवीत घातली. त्या घरातनं हिनं दुसरं काय आनलं न्हाय. लुगडं बी न्हाय."

मी वहीत एक नवी यादी केली. एक, निरवांगीला जाणे. दोन, म्हातारीला ओळख सांगणे. तीन, एक गड्डा मागणे. आईला दाखवली. तिनं ओळींवरून बोट फिरवत ती वाचली. मग म्हणाली, "नानास्नी सांगू नगं. त्या घराचं नाव काढलं की त्यांचं डोस्कं फिरतंय." आणि जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून तिनं बरणीतली उरलेली चटणी एका डब्यात भरून दिली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एसटीत बसले. ऊस तोडणीचे दिवस होते. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या गाण्यांनी कान किटत होते आणि मी मनात तीन मुद्दे घोकत होते. घर सापडायला वेळ लागला नाही. दारात एक बाई पिठाच्या हातानं आली. आत्यापेक्षा बरीच लहान, कपाळावर घामाचे थेंब.

"कोण पायजे गं?"

"मी बावड्याची. चंद्राआत्याची भाची."

तिचे हात जागीच थांबले. मग वळून ती आत सासूला म्हणाली, "अवं, बावड्याचं कोणतरी आलंय." मला पाणी दिलं आणि चुलीकडं निघून गेली, पण कान इकडंच होते.

म्हातारी बाजेवर होती. डोळे जवळजवळ गेलेले. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि विचारलं, "बरी हाय का माझी चंद्री?" मी हाताचं सांगितलं, प्लास्टरचं सांगितलं. मग दुसरं काय करायचं ते न सुचून डबा पुढं केला. तिनं बोटाच्या टोकावर चटणी घेतली, जिभेवर ठेवली, आणि तोंड हलवायचं थांबली.

"ही बाजारची न्हाय."

"नाही."

"ही माझ्या लसणीची हाय. लावती व्हय अजून ती? नऊ वरसं झाली की गं." तिनं पुन्हा बोट डब्यात घातलं. "सांग तिला, एक वेणी धाड म्हनावं. हितली गेली. मी बाजंवर पडले आन् त्या साली कुणी लावलीच न्हाय."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. माझ्या यादीतला तिसरा मुद्दा आता मागण्यासारखा उरला नव्हता. मी म्हणाले, "व्हय. पाठवते."

परतीच्या एसटीत मला रडू आलं नाही. मला हिशेब लागत नव्हता म्हणून नुसती चीड आली होती. घरी पोचले तेव्हा आत्या अंगणात डाव्या हातानं मेथी निवडत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. कुठं गेले, कोण भेटलं, काय बोलले. निरवांगीचं नाव ऐकून तिचा हात थांबला, म्हातारीच्या डोळ्यांचं ऐकून तिनं पदर तोंडाला लावला.

"आन् तू काय म्हनलीस तिला?"

"पाठवते म्हणाले."

"कशातनं पाठवनार? वहीतनं?"

तिनं हातातली मेथी मांडीवरच्या सुपात टाकली. मग म्हणाली, "आन ती वही. त्या दिशी काय काय केलंस ते लिवलं असशीलच. वाच."

मी उभ्यानं वाचायला लागले, वर्गात शिक्षा झाल्यासारखी. "रविवार. सकाळी साडेआठ. वेण्या दोन, खाली काढल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही. जामनगरी दोन किलो. सर्व गड्डे फोडून एकत्र. अ, मोठ्या, लावण्यासाठी. ब, बारीक, पाटीत. क, अतिबारीक, सोलण्यास निरुपयोगी, सालींसह अळूच्या खड्ड्यात."

"क कुठं म्हनलीस?"

"अळूच्या खड्ड्यात."

आत्या इतक्या घाईनं उठली की मेथी अंगणभर झाली. अळूची पानं आम्ही दोघींनी बाजूला केली. खाली न्हाणीच्या पाण्यानं भिजलेला काळा गाळ, साली, आणि त्यातून वर आलेलं बारीक गवत. मी ते रोज पाहिलं होतं, गवत म्हणूनच. आत्यानं एक पातं चिमटीत चुरडलं आणि माझ्या नाकाशी धरलं. मग गाळ बाजूला सारला. पात्याचं बूड तांबडं होतं.

सात निघाले. आम्ही ते मुळाखालच्या गाळासकट उचलून शेवग्याखाली एका फुटक्या घमेल्यात लावले, आणि मी वहीत 'क' च्या पुढं सात लिहिलं. संध्याकाळी बाहेरून आलेल्या नानांनी घमेलं बघून विचारलं, हे काय. आत्या म्हणाली, "तुझ्या लेकीचा निरुपयोगी माल."

बाजाराच्या दिवशी बावड्याला येणाऱ्या एका बांगडीवालीकडून तिनं निरवांगीला निरोप धाडला, लावलीय, दम धर. पुढच्या बाजाराला उत्तर आलं, "घाई न्हाय म्हनावं. मी हाय."

फाल्गुनात जामनगरीची चार वाफ्यांची लसूण निघाली. भरपूर आणि देखणी. नाना खूश झाले, आणि खरं सांगायचं तर भाजीला ती काही वाईट नव्हती; सोलायला सोपी म्हणून मी आजही थोडी ठेवते. सातांपैकी एक सडला होता. उरलेले सहा मी उपटले आणि मला धक्काच बसला. गड्डा नव्हताच. गोटीएवढी एकेक गोल पाकळी, बस.

"झालं," मी म्हणाले. "सगळं वाया गेलं."

आत्या हसली. हातावरचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट थोडं वाकडंच राहिलं होतं. "अगं, बारक्याचं पहिल्या साली असंच हुतंय. औंदा एकटीच ऱ्हाती. फुडल्या साली बघ, घरभर पोरं."

तसंच झालं. सहा गोट्यांचे पुढच्या वर्षी सहा गड्डे झाले, लिंबाएवढे, जांभळ्या रेघांचे. त्यातली एकही पाकळी कुणी खाल्ली नाही. नानांनी एकदा चटणीकडं नजर टाकून विचारलं, "त्यातली एखादी?" तर आई आणि आत्या एकदम "न्हाय!" म्हणाल्या. त्या सगळ्या लावल्या. तिसऱ्या वर्षी मी अकरावीला बारामतीत होते, आणि लसूण काढायला मुद्दाम सुट्टी घेऊन आले. त्रेसष्ट गड्डे. आत्यानं पडवीत बसून वाकड्या मनगटानं दोन वेण्या घातल्या. एक चुलीवर टांगली. दुसरी पिशवीत घातली आणि तिचं नेसायचं चांगलं लुगडं काढलं.

नानांना आता सांगावंच लागलं. ते स्टँडवर सायकल धरून आमच्याबरोबर आले आणि गाडी हलताना खिडकीपाशी येऊन म्हणाले, "अक्का, संध्याकाळच्या गाडीनं यायचं." एवढंच.

निरवांगीच्या घरी आत्याचा नवरा नव्हता. कामाला गेला होता की आम्ही येणार म्हणून गेला होता, कोण जाणे. म्हातारी त्याच बाजेवर होती, आणखी आक्रसलेली. आत्यानं वेणी तिच्या मांडीवर ठेवली. म्हातारीनं वेणी बाजूला सारली आणि आधी आत्याचा हात शोधला. मनगटाच्या हाडावरून अंगठा फिरवत राहिली. "वाकडा बसला गं." मग वेणी उचलली, हुंगली, एकेक गड्डा बोटांनी मोजल्यासारखा केला.

"अशीच ऱ्हाती बघ ती," ती म्हणाली. "एका घरात ठिवली की कवातरी जाती. दोन घरात असली की ऱ्हाती. म्हनून तर तुला दिली हुती."

"मला वाटलं, माया म्हनून दिली."

"मंग ही दुसरं काय हाय?"

आत्या बाजेच्या कडेला डोकं टेकवून बसली. म्हातारीचा हात तिच्या केसांत होता. मी आणि ती दुसरी बाई दोघी चुलीपाशी होतो. चहा उकळून उकळून काळा झाला होता आणि तो गाळायचं आमच्यापैकी कुणालाच सुचत नव्हतं.

निघताना आत्यानं वेणी त्या बाईच्या हातात दिली. म्हातारीला आता लावणं होणार नव्हतं.

"मला कुणी शिकवलंच न्हाय, अक्का," ती बाई खाली बघत म्हणाली.

"त्यात काय शिकायचंय? दसरा झाला की लाव. टोक वर, बूड खाली, चार बोटं अंतर. मोठ्या लाव, बारक्या खा." मग आत्या माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठावर हसू. "पर बाजारची आन् ही एका सुपात घिऊ नगं. आमच्यात एक शानी हाय, तिनं तसं केलं हुतं." ती बाई हसली, बाजेवरून म्हातारीही हसली. मी पण हसले, लाल होऊन.

संध्याकाळच्या गाडीत आत्या खिडकीशी बसली. नीरा ओलांडून येणारा वारा होता, उसाच्या वाळलेल्या पाल्याचा वास होता. मग माझ्या पिशवीकडं हात दाखवून म्हणाली, "वही आनलीस का?"

आणली होती. मी ती कधी घरी ठेवत नसे.

"लिव."

"काय लिहू?"

"निरवांगी. एक वेणी."

मी लिहिलं. ती वही अजून माझ्याकडं आहे. बारामतीच्या माझ्या घरामागं दोनच वाफे आहेत, आणि दर फाल्गुनात लसूण निघाली की मी नव्या वहीत गड्डे मोजून लिहिते. त्याच्या पुढचा रकाना मात्र मी मोजायच्या आधीच भरते. कुणाच्या घरी.